आत्तीच्या म्हशीवरून गेलेलं विमान

लढाऊ विमान आत्तीच्या गोठ्यावरून गेलं तेव्हा मी तिथंच होतो आणि माझ्या गळ्यात कॅमेरा होता. यातली एक गोष्ट जरी चुकली असती, तरी पुढचं काही घडलं नसतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कागलजवळ हायवेपासून थोडं आत तिचं शेत आहे. शेत आत्तोबा बघतात, म्हशी आत्ती बघते, आणि दोघांच्या वाटचं बोलायचं काम आत्तीनं एकटीनं अंगावर घेतलंय. ती गोठ्यात म्हशीला हाक मारते तेव्हा हायवेवरचे ट्रकवाले आरशात बघतात. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. पंचतारांकित म्हटल्यावर बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं मी हॉटेलात असेन. प्रत्यक्षात मी दिवसभर लोखंडी कास्टिंगमधली भोकं आणि भेगा शोधतो. शिफ्ट सुटली की कसबा बावड्याला घरी जाताना वाटेत आत्तीकडं चहा घ्यायचा, हा जुना नेम.

कॅमेऱ्याचं खूळ मात्र अलीकडचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कुणीतरी काढलेला सुखोईचा फोटो समोर आला. विमान आडवं होऊन वळत होतं, पंखांवर वाफेचं पांढरं पांघरूण पसरलेलं, मागं दोन जळते गोल. माझा घास हातातच राहिला. त्या दिवशी माझी मान जी वर गेली ती खाली यायला तयार होईना. थोड्याच दिवसांत लांबलचक झूम लेन्स असलेला कॅमेरा घरात आला. बायको हायस्कूलला हिंदी शिकवते. तिनं कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि एवढंच विचारलं, "कोल्हापुरात लढाऊ विमानं कुठं असतात?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरतात ती प्रवासी विमानं, आणि ती इतक्या सावकाश, सभ्यपणे उतरतात की त्यांचा फोटो काढणं म्हणजे स्टँडवर येणाऱ्या एसटीचा फोटो काढणं. एकदा रजा टाकून मी लांबच्या एका हवाई तळापर्यंत गेलो आणि फाटकावर सरळ विचारलं, बाहेरून फोटो काढले तर चालतील का. पहारेकऱ्यानं फार अदबीनं मला कॅमेरा पिशवीत, पिशवी गाडीत आणि गाडी कोल्हापुरात घालायला सांगितलं. मी तसं केलं.

मग घारींवर सराव सुरू झाला. बावड्याच्या साखर कारखान्याच्या बाजूला घारी गिरक्या घालत असतात. पळतं विमान टिपायचं तर कॅमेरा त्याच्याबरोबर एकसारखा फिरवत न्यावा लागतो, म्हणून मी गच्चीवर उभा राहून घारींमागं कॅमेरा फिरवायचो. घार जाईल तिकडं लेन्स. एक दिवस घार समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर उतरली. तिथल्या काकूंनी मान वर केली तर माझी लेन्स थेट त्यांच्यावर रोखलेली. संध्याकाळी त्यांचे मालक आमच्या दारात.

"काय ओ, तुमी रोज वरनं काय काढतासा?"

"घार."

"घार आमच्याच गच्चीवर का येती?"

"तुमच्याकडं सांडगे आहेत म्हणून."

बायकोनं मधे पडून कॅमेरा आणला आणि फोटो दाखवला. घारीच्या पंजात सांडगा अगदी स्वच्छ दिसत होता. त्या गृहस्थांनी तो बराच वेळ बघितला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "ह्यो मला पाठवा," ते म्हणाले. "सांडगं कमी हुत्यात म्हणून घरात माझ्यावर आळ हाय."

अशा तयारीत मी असताना ती संध्याकाळ आली. जानेवारी सरत आला होता. आत्ती थोरल्या म्हशीखाली चरवी घेऊन बसली होती. आत्तोबा वैरण टाकत होते. उसाच्या कडेनं बगळे हिंडत होते, आणि मी कट्ट्यावर बशीत चहा ओतत होतो. आधी काहीच नव्हतं. आणि मग एकदम सगळंच होतं. तो आवाज कानात शिरला नाही, थेट पोटात शिरला. गोठ्याचे पत्रे थरथरले. बशी माझ्या मांडीवर उपडी झाली. रेडकू दावं तोडून उसात शिरलं. आठवड्यातून एखादा शब्द बोलणारे आत्तोबा, "काय झालं?" असं चक्क पूर्ण वाक्य बोलले. मांडी भाजत असतानाही मी कॅमेरा वर उचलला आणि बटण दाबूनच धरलं.

आवाज विरला. मी पडद्यावर फोटो बघत गेलो. निळं आकाश, निळं आकाश, पत्र्याची कड, निळं आकाश, आणि मग एका फोटोत तो. उजेडासमोर काळा दिसणारा, टोकदार पंखांचा, लांब नाकाचा, आणि मागं दोन बारीक नळ्यांसारखं काहीतरी.

"सुखोई," मी म्हणालो.

"त्यो कोण का असंना," आत्ती म्हशीखालून उठत म्हणाली. "माझी म्हस बिथरली."

थोरल्या म्हशीनं पान्हा चोरला होता. कास भरलेली, पण दूध वर ओढून धरलेलं. आत्तीनं थोपटलं, कुरवाळलं, पेंड पुढं केली, रेडकाला उसातून ओढून आणून पुढं उभं केलं. म्हशीनं एवढं केल्यावर उपकार केल्यासारखं चार धारा दिल्या आणि पुन्हा आभाळाकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढंही सकाळ-संध्याकाळ निम्मंच दूध. डेअरीवर दूध घालताना आत्ती रांगेतल्या प्रत्येकाला सांगायची, "इमानानं केलं." काही जणांना ती प्रामाणिकपणाबद्दल बोलते आहे असं वाटून तिच्याविषयीचा आदर वाढला.

इकडं माझे दिवस मात्र सोन्याचे होते. मी त्या फोटोची मोठी प्रत काढली, चौकटीत बसवली आणि आमच्या क्वालिटीच्या खोलीत मोजमापाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. आमचे मॅनेजर चष्मा काढून जवळ गेले आणि मागच्या दोन नळ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "ही इंजिनं का?"

"हो सर. सुखोईला दोन असतात."

"वा," ते म्हणाले आणि पटकन बाहेर गेले. त्यांना भरून आलं असावं असं मला वाटलं.

फेब्रुवारीत बंगळूरला लढाऊ विमानांच्या कसरती होणार होत्या आणि त्या लोकांना बघता येणार होत्या. मी फोनवर पास काढला आणि त्याच आनंदात आत्तीकडं चहाला गेलो. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं.

"तितं ती इमानं चालवणारी पोरं असत्यात?"

"असतात की. लोकांना भेटतात, सह्या देतात."

"मग मी येती."

"तू कशाला, आत्ती?"

"सांगायला."

"काय सांगणार?"

"म्हशीचं."

मी तिला समजावलं की तिकडं जाणारी विमानं वेगळी, इकडं आलेलं वेगळं, आणि चालवणारा कोण होता हे कुणालाच ठाऊक नाही. आत्ती म्हणाली, "एकाला सांगितलं की बाकीच्यास्नी कळतंय." डेअरीच्या रांगेचा तिचा अनुभव तसाच होता. घरी बायकोला सांगितलं तर तिनं वह्या तपासता तपासता मान वर केली. "मग मी पण येते," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

मी आणखी दोन पास काढले. कागलपासून बंगळूर म्हणजे एकच सरळ हायवे. आत्ती पुढच्या सीटवर बसली, कारण मागं बसलं की तिला मळमळतं. मला तिनं गाडी चालवू दिली. बाकी सगळं तिनं चालवलं. आम्ही आदल्या दिवशी पोचून एका लॉजवर राहिलो आणि सकाळी लवकर कसरतींच्या मैदानावर गेलो. फाटकावर तपासणी होती. आत्तीच्या पिशवीतून स्टीलचा चार खणी डबा निघाला.

आत्तीच्या सासरची निम्मी माणसं निपाणीच्या पलीकडची, त्यामुळं तिला तिकडचं कानडी येतं. तिनं तपासणीच्या जवानाला धाकटा भाऊ करून टाकलं. "तम्मा, ऊट ऐती," जेवण आहे म्हणून तिनं सांगितलं. जवानानं नियमाप्रमाणे एकेक खण उघडायला लावला. भाकरी, पिठलं, दही, आणि शेवटच्या खणात हिरव्या मिरचीचा खर्डा. त्यानं वाकून वास घेतला आणि तो जो शिंकायला लागला तो थांबेचना. शेजारचे दोघं धावत आले. त्यांनीही वास घेतला. रांग थांबली. मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले की काय सापडलं. शेवटी त्यांच्या वरिष्ठांनी येऊन, चिमूटभर खर्डा जिभेवर ठेवून, डोळे पुसत निकाल दिला की बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही, डबा इथं राहील. संध्याकाळी आम्ही तो परत घेतला तेव्हा तो रिकामा होता आणि कुणीतरी घासूनपुसून ठेवला होता.

मैदानावर जागा चांगली मिळाली. माझ्या शेजारी एक दाढीवाला उभा होता. त्याची लेन्स बोअरच्या पाइपाएवढी होती. माझी लेन्स त्याच्यापुढं पेन्सिलीसारखी दिसायला लागली, म्हणून मी जरा लांब सरकलो. पहिलं लढाऊ विमान उठलं. आत्तीनं आपण होऊन मला मदत करायचं ठरवलं होतं. आवाज आला की ती आवाजाकडं बोट करायची आणि म्हणायची, "तितं बघ, तितं." मी कॅमेरा तिकडं फिरवायचो. तिथं काही नसायचं. मग सगळ्या लोकांच्या माना भलतीकडं वळलेल्या दिसायच्या, आणि मी तिकडं वळेपर्यंत तिथंही काही नसायचं. सकाळभर हेच चाललं. दुपारपर्यंत माझ्याकडं बंगळूरच्या आकाशाचे इतके फोटो जमले की हवामान खात्याला उपयोगी पडले असते.

दाढीवाल्याला अखेर राहवलं नाही. तो माझ्या कानाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "भाईसाब, आंटीजी की उँगली मत देखिए। आवाज़ पीछे रह जाती है, प्लेन आगे निकल जाता है।"

मधल्या सुट्टीत काही वैमानिक कठड्याजवळ लोकांना भेटायला आले. हिरवट सूट, काळे गॉगल, सगळी तरणी पोरं. सेल्फीसाठी झुंबड उडाली. आत्तीनं पदर खोचला.

"व्हा बाजूला. मला म्हशीचं बोलायचंय."

ज्यांना मराठी कळत होतं ते कुतूहलानं सरकले, ज्यांना कळत नव्हतं ते आवाजानं सरकले. आम्ही एका उंच, हसऱ्या वैमानिकासमोर जाऊन उभे राहिलो. आत्तीनं त्याला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"काय रं बाबा, तू चालवतोस व्हय ते?"

"नमस्ते आंटीजी," तो म्हणाला.

आत्ती बायकोकडं वळली. "सांग त्याला."

बायको वर्गात उभी राहते तशी ताठ उभी राहिली. तिचं हिंदी शुद्ध आहे, पण गोठा हा विषय अभ्यासक्रमात नाही. "ये कह रही हैं," तिनं सुरुवात केली, "कि आपका लड़ाकू विमान इनके तबेले के ऊपर से गया। उस कारण इनकी भैंस ने दूध चुरा लिया।"

वैमानिकानं गॉगल काढला. "किसका?"

"अपना ही।"

"भैंस ने अपना ही दूध चुरा लिया?"

"जी।"

"तो रखा कहाँ?"

बायकोनं आवाज खाली आणला. "अंदर ही," ती म्हणाली.

मागं गर्दीत कुणीतरी खोकलं. आत्तीला दिसलं की गोष्ट पोचत नाहीये. तिनं तिथंच, कठड्याला टेकून, हवेत अदृश्य म्हैस उभी केली आणि दोन्ही मुठींनी धार काढायला सुरुवात केली. मग हात थांबवले, वर आकाशात बोट केलं, तोंडानं घर्रर्र आवाज केला, आणि पुन्हा मुठी आवळून दाखवल्या. रिकाम्या.

"अच्छा," वैमानिक एकदम म्हणाला, "दूध चढ़ा गई। हमारे हरियाणे में ऐसे बोलते हैं। माँ ने भी भैंसें पाल रखी हैं।"

यानंतर बायकोची गरज उरली नाही. आत्ती मराठीत बोलत होती, तो त्याच्या बोलीत बोलत होता, आणि दोघांचं नीट चाललं होतं. म्हैस मुऱ्हा जातीची आहे का, त्यानं विचारलं. सरकी किती देता, वेत कितवं, रेडकू जिवंत आहे ना. मागं सेल्फीसाठी थांबलेली कॉलेजची मुलं हातात फोन धरून ऐकत होती. मग तो गंभीर झाला. गोठ्यावरून गेलं ते नेमकं कुठलं विमान होतं, असं त्यानं विचारलं.

माझी वेळ आली होती. मी पुढं झालो. "सुखोई था सर," मी म्हणालो. "मेरे पास फोटो है।"

त्यानं माझा फोन घेतला. फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. फोन जरा लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला. शेजारच्या दुसऱ्या वैमानिकाला दाखवला. तो वैमानिक बघताक्षणी पाठ करून उभा राहिला.

"कौनसा बताया आपने?"

"सुखोई।"

"सर," तो फार हळुवारपणे म्हणाला, "इसके घुटने हैं।"

मी म्हणालो, "चाकं असतील. म्हणजे, लैंडिंग गियर होगा।"

"इतनी स्पीड में गियर बाहर नहीं रहता। और उँगलियाँ तो कभी नहीं रहतीं।"

आत्तीनं फोन त्याच्या हातातून घेतला. तिनं एकदाच बघितलं. "आरं, ह्यो आपला बगळा की," ती म्हणाली. "थोरल्या म्हशीच्या पाठीवर बसतोय त्यो. आवाजानं उडला आसंल."

मी रोज कास्टिंगमधली केसाएवढी भेग शोधून काढतो. माझ्या सहीशिवाय एक तुकडा कारखान्याबाहेर जात नाही. आणि मला पाय दिसले नव्हते. मी बायकोकडं बघितलं. ती आकाशात काहीतरी शोधत होती, आणि तिचे खांदे हलत होते. वैमानिकानं माझ्या दंडावर हात ठेवला. "फोटो अच्छा है सर," तो म्हणाला. "पक्षी एकदम शार्प आया है।"

आत्तीपुढं आता अडचण उभी राहिली. पुरावा उडून गेला होता. पण ती मागं हटली नाही. "बगळा असंल," ती म्हणाली, "पर बगळ्यानं पत्रा हालत न्हाय. इमान आलतं. मी ऐकलंय." वैमानिकानं हात जोडले. जो कुणी होता त्याच्या वतीनं तो माफी मागतो, असं त्यानं सांगितलं. आत्तीनं आपला प्रवेशाचा पास पुढं केला आणि लिहून मागितलं. त्यानं पासाच्या मागं हिंदीत लिहिलं, "भैंस जी, क्षमा कीजिए," आणि खाली झोकात सही केली.

आत्तीचं समाधान झालं. "जेवलास का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, उडायच्या आधी हलकंच खातो. "मग नंतर खा. फाटकावर डबा ठिवलाय. खर्डा जपून घे."

दुपारी मी कॅमेरा मांडीवर ठेवून बसलो. क्वालिटीच्या खोलीतली ती चौकट डोळ्यांपुढून हलत नव्हती. बायकोनं पाण्याची बाटली पुढं केली. "बगळासुद्धा छान उडतो," ती म्हणाली. तिला खरंच धीर द्यायचा होता, पण वाक्य पुरं होईपर्यंत ती टिकली नाही.

एवढ्यात आत्ती उठून उभी राहिली. लांबवर आमचा तो उंच वैमानिक हेल्मेट घेऊन विमानाकडं चालत जाताना दिसत होता. सकाळी आत्तीला कुठलंच विमान आपलं वाटलं नव्हतं, म्हणून ती कानावर विसंबली होती. आता तिचा ओळखीचा पोरगा आत बसला होता. तिनं डोळे बारीक केले आणि विमान धावपट्टीवरून उठल्यापासून क्षणभरही त्याला सोडलं नाही. गावच्या जत्रेत नातवाला नजरेआड न होऊ देणारी बाई जशी बघते तशी ती बघत होती. तिचं बोट आवाजाच्या पुढं होतं. बोट डावीकडं गेलं, वर गेलं, एकदम उलटं फिरलं. दाढीवाल्याचा सल्ला मोडून मी त्या बोटामागं कॅमेरा नेला.

विमान आडवं होऊन वळलं. पंखांवर वाफेचं पांढरं पांघरूण फाटल्यासारखं पसरलं. मागं दोन जळते गोल. मी बटण दाबलं आणि आवाज नंतर आला, छातीतून आरपार. सगळं मैदान त्या एका वळणाबरोबर वळलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऊन होतं, पण उन्हानं तेवढं पाणी येत नाही.

"जपून रं," आत्ती आभाळाकडं बघत म्हणाली. तिनं हे नेहमीच्या आवाजात म्हटलं, म्हणजे त्याला ऐकू गेलं असण्याची थोडी शक्यता आहे.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. सुखोई होता. गुडघे नव्हते. सगळं होतं तसं आलं होतं, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातून, हिरव्या बांगड्यांसकट, हळदीनं पिवळं झालेलं नख असलेलं आत्तीचं बोट सरळ विमानाच्या पोटाला टेकलेलं होतं. जणू तिनंच ते वर ढकललंय. दाढीवाल्यानं वाकून बघितलं. त्याचे स्वतःचे फोटो माझ्याहून कितीतरी सरस असणार. तरी तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "उँगली मत काटिएगा।"

आम्ही अजून हायवेवर होतो तेव्हाच आत्तोबांचा फोन आला. आत्तीनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"दिलं," आत्तोबा म्हणाले.

"कुणी? काय?"

"म्हशीनं. सगळं."

आत्ती दोन दिवस गोठ्यात नव्हती. आत्तोबांनी न बोलता धार काढली होती आणि म्हशीनं न कुरकुरता दिली होती. गाडीत कुणीच त्याचा अर्थ लावायच्या फंदात पडलं नाही. आत्ती म्हणाली, "माफीचं कळलं आसंल तिला," आणि मी म्हणालो, तसंच असेल.

सोमवारी कारखान्यात गेल्यावर मी सगळ्यांसमोर चौकट भिंतीवरून उतरवली आणि सांगून टाकलं की हा बगळा आहे. खोलीत कुणालाच धक्का बसला नाही.

"आम्हाला ठाऊक होतं की," माझा सहकारी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू लई खूश होतास."

मॅनेजर दारात उभे होते. त्या दिवशी इंजिनाचं विचारून ते पटकन बाहेर का गेले होते, हे आता मला कळलं. ते म्हणाले, "फोटो परत लावा. बगळा चांगला आहे." म्हणून तो अजून तिथंच आहे.

काही महिन्यांनी शहरातल्या हौशी फोटोग्राफरांनी एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. मी सुखोईचा फोटो पाठवायचं ठरवलं आणि दोन रात्री बसून कॉम्प्युटरवर बोट पुसायचा प्रयत्न केला. बोट गेलं, पण त्या जागी आकाश असं विचित्र फुगलं की विमानाला गळू झाल्यासारखं दिसायला लागलं. बायको म्हणाली, आहे तसा पाठव. मी पाठवला. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

बक्षीस समारंभाला आत्ती आणि आत्तोबा दोघंही आले. परीक्षक बाहेरगावचे, मोठे विद्वान गृहस्थ होते. ते माइकवरून माझ्या फोटोविषयी बराच वेळ बोलले. हे श्रमणाऱ्या हाताचं बोट आहे, ते यंत्राच्या उद्दामपणाला प्रश्न विचारतं, छायाचित्रकारानं ते किती विचारपूर्वक तिथं योजलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मी खाली मान घालून ऐकत होतो. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो. माझ्याबरोबर आत्तीही उठली.

"आत्ती, मला बोलावलंय," मी हळूच म्हणालो.

"बोट कुणाचं हाय?"

आम्ही दोघं स्टेजवर गेलो. शहरातल्या एका दुकानानं बक्षीस म्हणून इस्त्री दिली होती. परीक्षकांनी ती माझ्यापुढं धरली आणि आत्तीनं घेतली. त्यांनी गोंधळून तिच्याकडं बघितलं, मग तिच्या बांगड्यांकडं, मग फोटोकडं, आणि त्यांना उलगडा झाला. त्यांनी मोठ्या आदरानं माइक तिच्यापुढं केला. त्या क्षणी बोट दाखवताना आपल्या मनात काय होतं, असं त्यांनी विचारलं.

आत्तीला माइकची गरज नव्हती, पण तिनं तो घेतला. "मनात काय न्हवतं," ती म्हणाली. मागच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. "इमान तिकडं हुतं. ह्यो सकाळपास्नं भलतीकडंच बघत हुता. म्हणून दाखवलं."

टाळ्या बराच वेळ चालल्या. परीक्षकही वाजवत होते. आत्तोबा खाली पहिल्या रांगेत उभे राहून वाजवत होते.

प्रमाणपत्र माझ्याकडं आहे. इस्त्री आत्तीकडं गेली, आणि हल्ली आत्तोबा वैरण टाकायलासुद्धा कडक इस्त्रीचा सदरा घालून जातात.